कुकर चार, रेशनकार्ड शून्य

पोस्ट मोठी आहे. ज्यांनी कधी ना कधी आगग्रस्तांसाठी जुने कपडे, चादरी किंवा पाचशे रुपये दिलेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. त्यांच्यासाठीच लिहिली आहे. आणि ज्या संस्था, ट्रस्ट, मंडळं आणि कंपन्यांचे सीएसआरवाले अशा वेळी टेम्पो भरून वस्तीत उतरतात, त्यांनी तर वाचावीच.

सरळ मुद्द्यावर येते. वस्ती जळल्यावर आपण जी मदत करतो, ती सगळ्यात स्वस्त नुकसानाची भरपाई असते. भांडी गेली म्हणून भांडी. अंथरूण गेलं म्हणून चादर. पण त्या झोपडीत सगळ्यात महाग वस्तू कुठली होती? टीव्ही नाही, फ्रिज नाही. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले कागद. जुनं लाइट बिल, मतदार यादीचा उतारा, रेशनकार्ड, फोटोपास, पोराचा जातीचा दाखला, मुलीची मार्कशीट. भांडी परत घेता येतात. ते कागद गेले की त्या माणसाचा या शहरावरचा हक्कच गेला. आणि त्या कागदांसाठी एकही टेम्पो येत नाही.

थोडं मागे जाऊ.

७ डिसेंबर २०१५, कांदिवली पूर्वेचं दामूनगर. दिवसाढवळ्या आग लागली, एकामागून एक सिलिंडर फुटले, दोन माणसं गेली. बातम्यांत आकडा होता सुमारे दोन हजार झोपड्यांचा. १३ मार्च २०२३, मालाड पूर्वेचा अप्पापाडा. पुन्हा तेच. संध्याकाळची वेळ, पुन्हा सिलिंडर, एक मुलगा दगावला आणि हजाराच्या आसपास झोपड्यांची राख झाली. दोन्ही ठिकाणं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत. एकीकडे वाळलेलं गवत आणि जंगल, दुसरीकडे आपले टॉवर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पत्रा, प्लायवूड, ताडपत्री आणि माणसं.

याच डोंगरपट्ट्यात ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगावला आयटी पार्कजवळचं जंगल पेटलं होतं, आठवतंय? तेव्हा गॅलरीत उभं राहून सगळ्यांनी व्हिडिओ काढले. दुसऱ्या दिवशी झाडांसाठी, बिबट्यांसाठी, हवेसाठी पोस्टी पडल्या. पडायलाच हव्यात, माझी त्याला ना नाही. पण वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडं येतात. जंगलाच्या काठावर जळणारी घरं आपल्या लेखी वणवा नसतात, ती ‘झोपडपट्टीतली आग’ असते. एका दिवसाची बातमी आणि पंधरा दिवसांची दया.

पंधरा दिवस हा शब्द मी जपून वापरलाय. ज्यांनी अशा वस्तीत थोडंफार काम केलंय त्यांना हे वेळापत्रक पाठ असतं. पहिला दिवस: पाणी, बिस्किटं, वडापाव. दुसरा-तिसरा दिवस: खिचडी, जुने कपडे, चादरी, नेत्यांची भेट. चौथ्या दिवसापासून किट. किट म्हणजे एक कुकर, चार ताटं, चार पेले, एक बादली, पाच किलो तांदूळ, एक लिटर तेल. दहाव्या दिवसापासून टेम्पो कमी होतात. पंधराव्या दिवशी वस्तीच्या तोंडाशी उरतो तो नको असलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत. फाटलेले ब्लाउज, एक पाय असलेला पायजमा, लग्नातला शेरवानी. हो, शेरवानी मी स्वतः पाहिलाय. ज्याचं घर जळालं त्याला शेरवानी!

मी शाळेच्या ऑफिसात लेखनिक म्हणून नोकरी केली. दाखले, रजिस्टर, प्रतिज्ञापत्रं यात आयुष्य गेलं. त्यामुळे अशा वेळी मी टेबल मांडून फॉर्म भरायला बसते, दुसरं काही मला येत नाही. अशाच एका वस्तीत एक बाई माझ्यापुढे बसल्या होत्या. चार वेगवेगळ्या संस्थांनी त्यांना चार कुकर दिले होते. चारही कोरे, खोक्यातले. म्हणाल्या, “ताई, यातले तीन घ्या आणि मला एक रेशनकार्ड काढून द्या.” त्या बाईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते आपल्या कुठल्याही मदत संस्थेच्या वार्षिक अहवालात सापडणार नाही.

आता कागद म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या. कारण बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांना हे कळत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. आपल्याकडे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं, अॅग्रीमेंटची प्रत रजिस्ट्रारकडे असते. आपलं घर जळालं तरी घर आपलंच राहतं.

झोपडीचं तसं नाही. महाराष्ट्रात झोपडीधारक पात्र की अपात्र हे तारखेवर ठरतं. १ जानेवारी २००० पूर्वीचा रहिवास सिद्ध झाला तर पुनर्विकासात घर मोफत. त्यानंतरचा पण १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. राष्ट्रीय उद्यानाच्या जमिनीचं गणित आणखी वेगळं. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर तिथे १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव आहे का, हा प्रश्न आला. नाव असेल आणि सात हजार रुपये भरले असतील तर पर्यायी घर. चांदिवलीचं संघर्षनगर त्यातूनच उभं राहिलं, तेही वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर. म्हणजे या पट्ट्यातल्या माणसाचं घर विटांवर उभं नसतं, कागदावर उभं असतं. तो कागद जळाला की वीस-पंचवीस वर्षं राहिलेला माणूस एका दुपारीत ‘कालच आलेला’ होतो.

सरकारी मदतीचंही तेच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत आग ही आपत्ती म्हणून धरलेली आहे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत जळालेल्या झोपडीसाठी ८,००० रुपये आहेत, कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. आणि घराच्या मदतीला जोडून एक अट आहे की बांधकाम अधिकृत असावं आणि सक्षम अधिकाऱ्याने तसं प्रमाणित केलेलं असावं. वाचा पुन्हा. वनखात्याच्या जमिनीवरच्या झोपडीला ही अट! राज्य सरकार वाटलं तर आपल्या तिजोरीतून जास्त देतं, कधी मुख्यमंत्री निधीतून देतं, पण ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर आणि निवडणुका किती जवळ आहेत त्यावर. हक्काचं म्हणाल तर कागदाशिवाय काही नाही.

मजा बघा. सरकार कपडे आणि भांडी यांचे पैसे देतं आणि संस्थाही कपडे आणि भांडीच देतात! ज्या दोन गोष्टींची तरतूद आधीच आहे, त्याच दोन गोष्टींवर सगळी समाजसेवा तुटून पडते. घर, कागद, कर्ज, शाळा यांना कोणी वाली नाही.

आता कागद परत मिळवणं म्हणजे काय प्रकार असतो तेही ऐका.

फोन जळाला, म्हणून सिम गेलं. नवं सिम घ्यायचं तर आधार दाखवा. आधार ऑनलाइन काढायचं तर ओटीपी येणार जळालेल्या नंबरवर. मग आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्या. तिथे पहाटे रांग, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. घरकाम करणाऱ्या बाईचे ठसे भांडी घासून झिजलेले, मशीन घेत नाही, परत या. आधार मिळालं की शिधावाटप कार्यालयात दुबार रेशनकार्डासाठी अर्ज. तिथे पोलिसांकडची नोंद मागतात. पोलीस म्हणतात पंचनाम्याची प्रत आणा. पंचनामा तहसीलदार ऑफिसात. त्या यादीत तुमच्या नावात एक काना राहिला असेल तर बसा पुन्हा चकरा मारत.

जातीच्या दाखल्याची गोष्ट याहून कठीण. तो मुंबईत सहसा निघत नाही, मूळ गावच्या अधिकाऱ्याकडून निघतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचं वास्तव्य कुठे होतं ते बघतात. म्हणजे आजोबा जालन्याचे असतील तर नातवाने कांदिवलीहून जालन्याला जायचं, तिथे दोन-चार दिवस काढायचे, आणि तेही जून-जुलैच्या प्रवेशाच्या तारखा चुकायच्या आत. दाखला नाही तर सवलत नाही, शिष्यवृत्ती नाही, फी पूर्ण भरा. किती मुलांची शाळा-कॉलेजं आगीत सुटली याचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण ती त्या दिवशी सुटत नाहीत. ती तीन महिन्यांनी, प्रवेशाच्या खिडकीपाशी सुटतात. तेव्हा तिथे कॅमेरा नसतो.

अप्पापाड्याची तारीख पुन्हा बघा: १३ मार्च २०२३. दहावीची परीक्षा २ मार्चला सुरू झालेली, २५ मार्चपर्यंत चालणार. बारावीची २१ मार्चपर्यंत. ऐन परीक्षेत हॉलतिकीट, पुस्तकं, वह्या, चष्मा सगळं राख. आणि दुसऱ्याच दिवशी, १४ मार्चला, जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. त्यांच्या मागणीबद्दल मी इथे बोलत नाही, तो वेगळा विषय. मी एवढंच म्हणते, की ज्या आठवड्यात शिक्का मारणारा हात सगळ्यात जास्त हवा होता त्या आठवड्यात सरकारी टेबलं संपात होती. अशा वेळी सामाजिक संस्थेचं काम काय? बादली वाटणं, की ज्याला उद्या पेपर आहे त्याच्याजवळ बसणं? शाळेत जाऊन, मुख्याध्यापकांना भेटून, बोर्डाच्या विभागीय कार्यालयात फोन करून त्या मुलाला केंद्रावर पोचवणं? हे काम फुकट होतं. त्याला लागतो तो एक माणूस, एक फोन आणि चिकाटी. पण त्याचा फोटो चांगला येत नाही.

आणि इथेच खरी गोम आहे.

किट का वाटलं जातं? कारण किट मोजता येतं. ‘५०० कुटुंबांना ५०० किट’ हे बॅनरवर मावतं. एका दुपारीत होतं. देणगीदाराला संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर फोटो जातो. एका ट्रस्टच्या माणसाने मला स्पष्टच सांगितलं होतं, “मॅडम, फॉर्म भरण्याचा खर्च आम्ही कुठल्या हेडखाली दाखवू? आणि बॅनरसकट फोटो मिळेल का?” नाव घेत नाही, कारण तो एकटा नाही, पद्धतच ती आहे. माणूस वाईट नव्हता. त्याच्यावरच्या माणसाने त्याच्याकडे आकडा मागितला होता, आणि त्याच्यावरच्या माणसाकडे आपण मागितला होता. आपण. देणगी देणारे. आपल्याला फोटो हवा असतो म्हणून त्यांना किट वाटावं लागतं.

कंपन्यांना तर सबबही नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात झोपडपट्टी विकास आहे, आणि आपत्तीच्या बाबतीत नुसती ‘मदत’ नाही, ‘पुनर्वसन आणि पुनर्बांधणी’ हेही शब्द आहेत. म्हणजे कागदपत्रांसाठी सहा महिने एक केंद्र चालवलं, वकील बसवला, मुलांच्या प्रवेशाचं काम केलं, तर ते कायद्यात बसतं. पण अंधेरी आणि गोरेगावच्या काचेच्या ऑफिसांमधून जे उतरतं ते म्हणजे एका शनिवारचा ‘स्वयंसेवा उपक्रम’. कंपनीच्या टी-शर्टातली पन्नास मुलं, दोन तास, एक सामूहिक फोटो. मुलं मनाने चांगली असतात. त्यांना कोणी सांगत नाही की दोन तासांत पन्नास जणांनी शंभर फॉर्म भरून झाले असते.

वाटपाच्या यादीबद्दलही बोलायला हवं. बाहेरून आलेल्या संस्थेला वस्ती माहीत नसते. मग यादी कोण करतं? गल्लीतला दादा. कूपन त्याच्याकडे. ज्याचं त्याच्याशी पटतं त्याला तीन किट, ज्याचं वाकडं त्याला शून्य. आणि भाडेकरू तर कुठेच नाही. झोपडीत भाड्याने राहणाऱ्याचंही सगळं जळालेलं असतं, पण पंचनाम्यात नाव मालकाचं, भरपाई मालकाला, आणि मालक बऱ्याचदा तिसरीकडे राहत असतो. भाडेकरू दुसऱ्या दिवशी पोरंबाळं घेऊन पुढच्या वस्तीत जातो. आपल्या कुठल्याच यादीत तो पुन्हा दिसत नाही.

आता दोन आक्षेप येणार, ते आधीच घेते.

पहिला: “ताई, काहीच न करणाऱ्यांपेक्षा किट देणारे बरे ना?” हो, बरे. पहिले तीन दिवस अन्न, पाणी, अंथरूण, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचं दूध हे लागतंच आणि जे कोणी धावून येतात, गुरुद्वारा असो, मशीद असो, बुद्धविहार असो की गणेश मंडळ, त्यांना माझा दंडवत. मुंबईने ती रीत अजून सोडलेली नाही. माझं भांडण चौथ्या दिवसापासूनच्या मदतीशी आहे. भूक भागवणं ही माणुसकी झाली. पण जी संस्था ‘पुनर्वसन’ म्हणून पैसे गोळा करते आणि पंधराव्या दिवशी गाशा गुंडाळते, ती शब्दाची फसवणूक करते. तिने ‘पहिल्या आठवड्याची मदत’ म्हणून पैसे मागावेत. मग माझी तक्रार नाही.

दुसरा आक्षेप जास्त कडू. “अनधिकृत आहेत, जंगल खातात, मग मदत कशाला?” हे आमच्याच बिल्डिंगच्या ग्रुपवर वाचलंय, म्हणून उत्तर देते. जंगल वाचलं पाहिजे, शंभर टक्के. पण ज्या न्यायालयीन आदेशाने जंगलातली घरं हटवायला सांगितली त्यातच पात्र लोकांना पर्यायी घर द्यायची गोष्टही होती. म्हणजे जंगल रिकामं होण्याचा रस्ता पुनर्वसनातूनच जातो, आगीतून नाही. आगीने जमीन रिकामी होत नाही. आठवड्याभरात त्याच राखेवर पुन्हा बांबू उभे राहतात, फक्त या वेळी कर्ज काढून. ज्यांना जंगलाची खरी काळजी आहे त्यांनी तर या लोकांचे कागद आधी शाबूत राहावेत म्हणून धडपडायला हवं. कागद असेल तर माणूस पात्र ठरतो, पात्र ठरला तर त्याला दुसरीकडे घर मिळतं, आणि मगच ती जागा जंगलाला परत मिळते. आणि हो, ज्यांना ‘अनधिकृत’ म्हणतोय त्यांच्यापैकीच कोणीतरी आज सकाळी आपल्या दारातून कचरा नेला, आपली रिक्षा चालवली, आपल्या घरची भांडी घासली. त्या वेळी त्यांची तारीख कोणी विचारली नव्हती.

कर्जाचंही सांगते. वस्तीतल्या बायकांच्या डोक्यावर छोट्या कर्जांचे हप्ते असतात. गटाचं कर्ज, आठवड्याचा नाहीतर महिन्याचा हप्ता. घर जळालं म्हणून हप्ता जळत नाही. वसुलीवाला राखेत उभा राहून विचारतो, “या वेळचं काय?” आणि झोपडी पुन्हा उभी करायला पत्रा, बांबू, ताडपत्री हे सगळं नव्या कर्जातून. मार्चमध्ये आग आणि जूनमध्ये पाऊस, मध्ये जेमतेम बारा आठवडे. एखाद्या संस्थेने फक्त एवढंच केलं, की कर्ज देणाऱ्या कंपन्यांशी बोलून तीन महिने हप्ते थांबवून घेतले, तर ते हजार कुकरच्या वर आहे.

“हे सगळं बोलायला ठीक, करतं कोण?” असं म्हणाल, तर आपल्याच राज्यात करून दाखवलेलं आहे.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हाही ट्रक भरभरून कपडे गेले होते. पण काही जणांनी वेगळा विचार केला. भारतीय जैन संघटनेने, शांतिलाल मुथांच्या पुढाकाराने, बाराशे मुलांना पुण्याला आणलं आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. एका शनिवारची नव्हे, वर्षानुवर्षांची. दुसरीकडे स्वयम् शिक्षण प्रयोगाने, प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली, गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. सरकारच्या घरदुरुस्तीच्या योजनेत माझं नाव आहे का, पैसे किती, सिमेंट कुठे, भिंत कशी बांधायची, हे त्या बायका लोकांना सांगायच्या आणि लोकांचं म्हणणं सरकारला. हजारावर गावांत हे चाललं. गावच्या बाईला सरकारी कागद वाचता येऊ लागला, ही खरी मदत. मराठवाड्यात तीस वर्षांपूर्वी जमलं ते मेट्रो असलेल्या मालाडला का जमू नये?

बाहेरचंही एक-दोन बघा. ८ ऑगस्ट २०२३ ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवरचं लाहायना गाव वणव्यात जळलं, शंभरावर माणसं गेली. तिथे ऑप्रा विन्फ्री आणि ड्वेन जॉन्सन यांनी निधी उभारला आणि घर गमावलेल्या प्रत्येक प्रौढ माणसाला काही महिने दरमहा १,२०० डॉलर थेट दिले. कुकर नाही, कूपन नाही. घर स्वतःचं असो की भाड्याचं. काय घ्यायचं ते ज्याचं जळालं त्याने ठरवायचं. आपल्याकडे जनधन खाती आहेत, फोनवरून पैसे पाठवता येतात, भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड लावून बसते. तरी आपण ‘रोख दिली तर दारू पितील’ म्हणत बादल्या वाटतो. हजार झोपड्यांतल्या बाया सकाळी सहाला उठून आपल्या घरी कामाला येतात, त्यांना पैसे सांभाळता येत नाहीत असं म्हणणारे आपण कोण?

आणि देणगी देणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियाचा धडा. २०१९-२० च्या प्रचंड वणव्यांत सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीने फेसबुकवर निधीचं आवाहन केलं. पाच कोटींहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. लोकांना वाटलं पैसे घरं गमावलेल्यांनाही जातील, होरपळलेल्या प्राण्यांनाही जातील. पण निधी ज्या ट्रस्टकडे गेला तो अग्निशमन दलाचा होता आणि त्याच्या दस्तात खर्चाची कलमं ठरलेली होती. मे २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं, की हे पैसे दुसऱ्या संस्थांना देता येणार नाहीत. फसवणूक कोणीच केली नव्हती. फक्त पैसे देताना घेणाऱ्याचा कागद कोणी वाचला नव्हता. शेवटी तिथेही कागदच!

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणारच, कारण गवत दर वर्षी वाळतं आणि गल्ल्या तेवढ्याच अरुंद आहेत, मदत मागायला कोणी आलं तर पाच प्रश्न विचारा:

१. तुम्ही वस्तीत कितव्या दिवसापर्यंत असणार? तारीख सांगा. ‘गरज असेल तोवर’ हे उत्तर नाही.

२. कागदपत्रांचं टेबल कोण चालवणार? रेशनकार्ड, आधार, पंचनाम्याची प्रत, मतदार यादीचा उतारा, शाळेचे दाखले, जातीचे दाखले. किती अर्ज भरले नाही, किती कागद हातात पडले ते तीन महिन्यांनी कळवणार का?

३. यादी कोणी केली? भाडेकरू त्यात आहेत का? एकट्या बायका आहेत का? यादी वस्तीत भिंतीवर लावणार का, की सगळ्यांना वाचता येईल?

४. वस्तूऐवजी थेट पैसे देणार का? नसाल तर का नाही?

५. पावसाच्या आधी डोक्यावर छप्पर, आणि जूनमध्ये शाळेत मूल, या दोन गोष्टींची जबाबदारी कोण घेतंय?

यातल्या तीनांची उत्तरं मिळाली तर पैसे द्या, भरपूर द्या. आणि तो फॉर्म भरणारा, तहसीलदार ऑफिसात दिवसभर उभा राहणारा माणूस असतो ना, त्याच्या पगाराला पैसे द्या. ‘माझे पैसे थेट गरिबाला जावेत, पगारात नकोत’ हे वाक्य आपण फार पुण्याचं समजतो. त्या वाक्यानेच ही सगळी कुकरांची रास उभी केली आहे.

संस्थांना एक विनंती. आग लागायच्या आधीही काम आहे. वस्तीतल्या प्रत्येक घराचे कागद मोबाइलवर फोटो काढून ठेवायला, डिजिलॉकर उघडून द्यायला, एक प्रत गावच्या नातेवाइकाकडे पाठवायला एका रविवारी चार पोरं पुरतात. सरकारकडे आजही मूळ प्रत मागणारे महाभाग आहेत, मान्य. पण निदान क्रमांक तरी हातात राहतो, आणि क्रमांक असेल तर दुबार प्रत काढणं निम्मं सोपं होतं. ज्या वस्त्या अजून जळलेल्या नाहीत, तिथे जा. तिथे बॅनर लावायला जागाही भरपूर आहे.

आणि सरकारला काय सांगायचं? एवढंच, की आगीनंतर तिसऱ्या दिवशी वस्तीतच एक मांडव घाला. तहसीलदार, शिधावाटप, आधार, पोलीस, शाळा आणि पालिका यांचा एकेक माणूस एकाच मांडवात बसवा. शासन आपल्या दारी म्हणून जाहिराती झाल्याच आहेत, तर ज्यांचं दारच जळालंय त्यांच्याकडे आधी या. संस्थांनी सरकारचं काम स्वतःच्या डोक्यावर घेऊ नये, सरकारकडून करून घ्यावं. त्यांनी किट वाटून सरकारला मोकळं केलं की दोघांचाही फोटो छान येतो आणि रेशनकार्ड कोणाचंच होत नाही.

लाइक नको. तुमची सोसायटी, मंडळ, कंपनी, भिशीचा ग्रुप कुठल्या संस्थेला देणगी देत असेल तर वरचे पाच प्रश्न तिथे पाठवा आणि उत्तर लेखी मागा.